केळीच्या रायपनिंग चेंबरसाठी स्वस्त सीओटू सेन्सर, नॅनोमटेरियलवाला स्वतः बनवणं जमेल का?

रावेरची_लेक

नमस्कार सगळ्यांना. एमएस्सी फिजिक्सचं दुसरं वर्ष चालू आहे, प्रोजेक्ट गॅस सेन्सरवर करायचाय आणि विषय घरातूनच मिळालाय. सावद्याला मामाचं केळीचं रायपनिंग चेंबर म्हणजे केळी पिकवायची बंद खोली आहे, दहा टनांचं. इथिलीन सोडलं की पहिला दिवस चेंबर बंद, नंतर सकाळ-संध्याकाळ दार उघडून पंखे लावून हवा बदलायची, सगळं घड्याळावर. केळी पिकताना सीओटू सोडते आणि तो १ टक्क्याच्या म्हणजे १०,००० पीपीएमच्या वर गेला की पिकणं रेंगाळतं, एकाच क्रेटमध्ये काही फण्या पिवळ्या तर काही हिरव्या, हे मामाला चांगलं माहितीय पण आत आत्ता किती झालाय ते कळायला काहीच साधन नाही. तयार सिस्टीमवाले जो भाव सांगतात तो ऐकून मामा म्हणतो त्यापेक्षा दार उघडलेलं परवडतं.

तर माझ्या डोक्यात असं की सेन्सर स्वतःच बनवायचा. पेपर वाचतेय त्यात हायब्रिड नॅनोमटेरियल म्हणून बरंच सापडतं, रिड्यूस्ड ग्राफीन ऑक्साइडवर पॉलिएथिलीनइमाइन म्हणजे पीईआय, बेरियम टायटनेटमध्ये कॉपर ऑक्साइड, लँथेनमचं ऑक्सिकार्बोनेट आणि आयोनिक पॉलिमर, आणि प्रत्येक पेपरच्या शेवटी लो कॉस्ट लो कॉस्ट. यातलं एमएस्सीच्या लॅबमध्ये काय होईल? आमच्याकडे मफल फर्नेस, सोनिकेटर आणि एक जुना एलसीआर मीटर आहे, क्लीन रूम वगैरे विसरा. चेंबरमधल्या ९० टक्के दमटपणात ते टिकेल का? आणि गॅसचा सिलिंडर विकत न घेता कॅलिब्रेशन कसं करायचं?

वर्गातल्या एकाने एमक्यू-१३५ लावून बघ म्हटलं होतं, लावला, तर इथिलीन सोडल्या सोडल्या आकडा असा काही वर गेला की मामा दार उघडायला धावला :)


सोल्डरबाबा

एमक्यू-१३५ चं आधी मिटवू. तो टिन ऑक्साइडचा तापवलेला सेन्सर. हवेतला ऑक्सिजन त्याच्या पृष्ठभागावर चिकटून इलेक्ट्रॉन अडवून ठेवतो, आणि जळू शकणारा कुठलाही वायू आला, अल्कोहोल, अमोनिया, इथिलीन, धूर, की तो हा ऑक्सिजन वापरून टाकतो आणि रेझिस्टन्स पडतो. सीओटू म्हणजे आधीच पूर्ण जळून झालेला कार्बन, त्यामुळे या सेन्सरला तो जवळपास दिसतच नाही. ऑनलाइन जे आर्डुइनोचे कोड फिरतात ते एक सूत्र लावून पीपीएम छापून देतात एवढंच. शिवाय मामांकडे जनरेटर असेल तर तो इथेनॉलपासून इथिलीन बनवतो, त्यात इथेनॉलची थोडी वाफ तशीच निसटली तर अजून गोंधळ. ईसीओटू लिहिलेल्या छोट्या चिपा मिळतात, सीसीएस८११, एसजीपी३० वगैरे, त्यांचंही तेच, हायड्रोजन आणि व्हीओसी म्हणजे हवेत उडणारी सेंद्रिय रसायनं मोजून माणसांच्या श्वासावरून अंदाज करतात, माणसं बसलेल्या ऑफिसात चालून जातं, केळीच्या खोलीत त्याला काही अर्थ नाही.

मग उरतं एनडीआयआर, म्हणजे इन्फ्रारेड प्रकाश किती शोषला जातो त्यावरून वायू मोजणारा सेन्सर. सीओटू ४.२६ मायक्रॉनचा इन्फ्रारेड शोषतो, तेवढाच पट्टा बघायचा. इथिलीनचं जोरदार शोषण १०.५ मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे ते मध्ये येत नाही. एमएच-झेड१९ सारखं मॉड्यूल दोनेक हजारांत मिळतं. पण घेताना रेंज बघ, कारण स्वस्तातले बहुतेक घर-ऑफिससाठी बनवलेत. एससीडी४० (हा फोटोअकूस्टिक आहे) त्याची अचूकता २००० पीपीएमपर्यंतच दिलीय, एससीडी४१ ची ५००० पर्यंत, आणि तुझा खेळ सुरूच होतो १०,००० ला. थर्मल कंडक्टिव्हिटीवाला एसटीसी३१ म्हणून एक आहे, सीओटू हवेपेक्षा उष्णता कमी वाहून नेतो त्यावर चालतो, पण त्याची चूकच अर्ध्या टक्क्याची, १ टक्का मोजायला अर्धा टक्का चूक म्हणजे झालंच.

आणि ऑटो कॅलिब्रेशन बंद करायला विसरू नको. ही मॉड्यूलं धरून चालतात की ठराविक काळात, कुणी २४ तास धरतं कुणी आठवडा, एकदा तरी बाहेरची ताजी हवा मिळाली, आणि त्या काळातला सगळ्यात कमी आकडा म्हणजेच ४०० असं ठरवून टाकतात. बंद चेंबरात सगळ्यात कमी ३००० असेल तर त्यालाच ४०० म्हणणार, आणि मग वरचं सगळंच खाली. कमांड पाठवून बंद होतं ते, डेटाशीटमध्ये दिलंय. आत बाष्प जमू द्यायचं नाही हे वेगळं, ९५ टक्क्यांपर्यंत चालतो लिहिलेलं असतं पण पुढे नॉन कंडेन्सिंग हा शब्द असतो, तो लोक वाचत नाहीत.


खवचट_खान्देशी

ताई नॅनो बिनो सोड आणि वर सांगितलंय ते मॉड्यूल आण, काम झालं. आपल्याकडे गॅस सेन्सरवर झालेल्या पीएचड्या मोजायला बसलो तर दिवस जाईल, टिन ऑक्साइडमध्ये हे घातलं झिंक ऑक्साइडमध्ये ते घातलं, रिस्पॉन्स एवढा टक्के वाढला, आणि त्यातला एक तरी सेन्सर कुणाच्या चेंबरात लटकलेला दाखवा. कोरड्या नायट्रोजनमध्ये ५००० पीपीएम सोडून ग्राफ काढायचा, मागे सूक्ष्मदर्शकाखालची फुलांसारखी फोटो लावायची, लो कॉस्ट लिहायचं, पेपर छापायचा. मामाची केळी कोरड्या नायट्रोजनमध्ये पिकते का?


निळा_बीकर

खवचटभाऊंचं अर्धं मला मान्य आहे, मी त्याच धंद्यात आहे म्हणून जास्तच मान्य. पण उरलेल्या अर्ध्यात या मुलीचा चांगला प्रोजेक्ट आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सीओटू रेझिस्टन्सवर मोजणं अवघड का, तर सोल्डरबाबांनी सांगितलं तेच, तो इलेक्ट्रॉन देतही नाही आणि सहजी घेतही नाही. सरळ रेषेतला, सममित, आपल्याच नादात असलेला रेणू. त्याला पकडायचा एकच खात्रीचा मार्ग, तो थोडा आम्लधर्मी आहे त्याचा फायदा घ्यायचा, म्हणजे समोर अल्कधर्मी काहीतरी ठेवायचं. हायब्रिड हा शब्द इथे कामाचा आहे. एक घटक सीओटूला धरतो पण वीज नीट वाहत नाही, दुसरा वीज वाहतो पण सीओटूला ओळखत नाही, दोघांना नॅनो पातळीवर चिकटवलं की धरल्याची खबर विजेत उमटते. नॅनो एवढ्यासाठीच की पृष्ठभाग जास्त मिळावा आणि खबर जाण्याचं अंतर कमी व्हावं, बाकी जादू काही नाही.

आता तुझी यादी. बेरियम टायटनेट आणि कॉपर ऑक्साइड हे जुनं, १९९० च्या आसपास जपानात इशिहारा यांच्या गटाने कपॅसिटन्सवर दाखवलं. कॉपर ऑक्साइडवर कार्बोनेट बनतं आणि दोन ऑक्साइडच्या सीमेवरचा अडथळा बदलतो. सुंदर काम, पण चालतं साधारण ४५० डिग्रीला. जिथे इथिलीन सोडतात तिथे एवढं तापलेलं काही मी लावणार नाही. पिकवायला १०० पीपीएम वापरतात, एफएसएसएआयची मर्यादाही तेवढीच, आणि इथिलीन पेट घेऊ शकतं ते २.७ टक्क्यांपासून म्हणजे २७,००० पीपीएमपासून, अंतर भरपूर आहे हे खरं, पण सिलिंडरचा रेग्युलेटर गळला तर ते अंतर कुणी मोजत बसत नाही. शिवाय हीटरला वीज, मग स्वस्त कुठे राहिलं.

लँथेनम ऑक्सिकार्बोनेटचं उदाहरण मला स्वतःला फार आवडतं. झुरिकच्या ईटीएचमध्ये २०१५ साली त्याचे नॅनोकण एका पॉलिमर आयोनिक लिक्विडमध्ये मिसळले, आणि जे कण एकटे असताना २५० डिग्रीला तापवावे लागतात ते मिश्रण खोलीच्या तापमानाला सीओटू ओळखायला लागलं, तेही दमट हवेत, ०.०४ टक्क्यांपासून ०.२५ टक्क्यांपर्यंत. दोघांपैकी एकट्याला जे येत नाही ते जोडीला येतं, हायब्रिडचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही. पण तो पॉलिमर बनवणं हे सिंथेसिसवाल्यांचं काम, फिजिक्सच्या लॅबमध्ये एका वर्षात नको.

राहिला पीईआय. यात अमाइन गट, म्हणजे नायट्रोजनवाले अल्कधर्मी गट, खच्चून भरलेले. सीओटू आला की दोन अमाइन मिळून कार्बामेट बनवतात, खाली ग्राफीन किंवा नॅनोट्यूब असेल तर पीईआय त्याला जे इलेक्ट्रॉन देत होता ते कमी होतं आणि रेझिस्टन्स हलतो. कॅलिफोर्नियाच्या नॅनोमिक्स कंपनीच्या लोकांनी २००४ मध्ये कार्बन नॅनोट्यूबवर पीईआय आणि स्टार्च लावून हे ५०० पीपीएमपासून १० टक्क्यांपर्यंत हवेत दाखवलं होतं. तुझा १ टक्का बरोबर मधोमध पडतो. आणि अमाइनचं खोलीच्या तापमानाला इथिलीनशी काही देणंघेणं नाही, म्हणजे एमक्यूला जो आजार होता तो इथे नाही.

मग अडचण कुठे आहे? पाण्यात. पीईआयला पाणी प्रचंड आवडतं. ९० टक्के आर्द्रतेत ती फिल्म फुगते, तिच्यातून आयन वाहायला लागतात आणि तुला सीओटूऐवजी पाणीच दिसतं. पुन्हा गंमत अशी की पाणी पूर्ण नको असंही नाही, दमट हवेत अमाइन बायकार्बोनेटच्या वाटेने जास्त सीओटू धरतो, कोरड्यात सेन्सर मंदावतो. दुसरी अडचण परत यायला लागणारा वेळ, १६-१८ डिग्रीला अमाइन धरलेला सीओटू लवकर सोडत नाही. आणि महिन्यामहिन्याने हवेतल्या ऑक्सिजनमुळे अमाइन म्हातारे होतात, ते होणारच.

पहिल्या दोन्हींवर उपाय एकच आणि तो नॅनो नाहीये, फिल्मच्या मागे दोन रुपयांचा रेझिस्टर चिकटवून तिला ४० डिग्रीवर ठेवायचं. १८ डिग्रीची ९० टक्के दमट हवा ४० डिग्रीला तापली की तिची सापेक्ष आर्द्रता २५ टक्क्यांच्या आसपास येते, स्टीम टेबल काढून स्वतः हिशोब करून बघ. सिग्नल थोडा पडेल कारण गरम अमाइन कमी धरतो, पण तुला ४०० आणि ४५० मधला फरक थोडाच ओळखायचाय, १ टक्का आला का एवढंच. पेपरवाले सगळे ४०० पीपीएमच्या मागे धावतात कारण तिथे लेख छापून येतात, तुझी गरज २५ पट वरची आहे, हा फायदा सोडू नको.


चेंबरवाले_काका

बेटा, मामांना आमचा रामराम सांग, आम्ही याच पट्ट्यातले. वरचं सगळं शास्त्र आम्हाला कळलं असं नाही पण हिशोब सांगतो. केळी १८ डिग्रीला किलोमागे तासाला १५ ते ६० मिली सीओटू सोडते, हिरवी असताना कमी, रंग फुटायला लागला की जास्त. दहा टन माल धर. सुरुवातीला १५ ने तासाला दीडशे लिटर. रंगावर आल्यावर ४० जरी धरले तरी तासाला चारशे लिटर. क्रेट भरून आत मोकळी हवा राहते साठ घनमीटरच्या आसपास, तिचा १ टक्का म्हणजे सहाशे लिटर. म्हणजे सुरुवातीला चार तासांत भरतं आणि ऐन भरात दीड तासात. आणि आपण दार उघडतो बारा तासांनी!

तरी माल निघतो तो का, तर आपले चेंबर गळतात म्हणून. दाराची रबरं गेलेली, पॅनेलचे सांधे उघडे. ज्यांनी नवे पॅक चेंबर बांधले त्यांनाच हा त्रास जास्त दिसतो, लोकांना वाटतं नवीन चेंबर खराब निघालं. उलट सुरुवातीच्या टप्प्यात आपण गरज नसताना दार उघडून थंड हवा फुकट घालवतो, लाइट बिल त्याचंच येतं.

म्हणून सांगतो, आम्हाला पडद्यावर आकडा नको. आकडा बघायला रात्री तीन वाजता कोण जागं आहे? १ टक्क्याच्या अलीकडे आला की एक्झॉस्ट चालू, खाली गेला की बंद, एवढं करून दिलंस तर विकत घेऊ. सेन्सर परतीच्या हवेच्या बाजूला लाव, कूलिंग युनिट जिथून हवा ओढतं तिथे. लोक म्हणतील सीओटू जड असतो खाली बसतो, पंखे चालू असताना बसत नाही काही, पण क्रेटच्या मागे कोपऱ्यात लावलास तर तिथलीच हवा मोजत बसशील. आणि बंद चेंबरमध्ये एकट्याने शिरायचं नाही, मजुरांनाही सांगायचं. ४ टक्के म्हणजे जिवावरचं मानतात आणि वरच्या हिशोबाने पॅक चेंबर एका रात्रीत तिथे पोचू शकतं. आधी दार उघडून पंखे, मग माणूस.


रावेरची_लेक

बापरे, काका तुमचा हिशोब मामाला वाचून दाखवला, तो गप्पच झाला, आता स्वतः दाराची रबरं बघायला गेलाय.

बीकर सर, म्हणजे रिड्यूस्ड ग्राफीन ऑक्साइड आणि पीईआय, मागे हीटर, हे पक्कं धरते. ग्राफीन ऑक्साइड लॅबमध्ये हमर्स पद्धतीने करावं का? इलेक्ट्रोड कसे करायचे, आमच्याकडे सोनं चढवायची सोय नाही. आणि कॅलिब्रेशनचं राहिलंच.


निळा_बीकर

सर नको, दादा चालेल.

ग्राफीन ऑक्साइड तयार डिस्पर्शनच्या रूपात मिळतं, थोडंसंच लागतं, ते विकत घे. हमर्समध्ये गंधकाम्ल आणि पोटॅशियम परमँगनेट एकत्र येतं, त्यात मँगनीज हेप्टॉक्साइड बनतं आणि ते ५५ डिग्रीच्या वर स्फोट करू शकतं. बर्फात ठेवून, हळूहळू, अनुभवी माणूस शेजारी असताना लोक करतात, पण तुझा विषय सेन्सर आहे, ग्राफीन बनवणं नाही.

इलेक्ट्रोडसाठी पीसीबी बनवून घे. एकमेकांत गुंतलेल्या बोटांची रचना, दोन बोटांत ०.२ मिमी अंतर, आणि वर सोन्याचं फिनिश सांगायचं, ऑर्डर देताना तो पर्याय असतो. साधं तांबं ठेवलंस तर अमाइन ते खातो, निळसर व्हायला लागलं की समज. हीटरचा रेझिस्टर आणि एक थर्मिस्टर त्याच बोर्डच्या मागच्या बाजूला. ग्राफीन ऑक्साइडचा थेंब, वाळवणं, मग रिडक्शन, एस्कॉर्बिक आम्ल म्हणजे व्हिटॅमिन सी ने होतं, हायड्रॅझिनच्या नादी लागू नको, विषारी आहे. मग पीईआयचं पातळ द्रावण वरून. थेंबाच्या कडेला माल जास्त जमतो आणि मध्ये विरळ राहतो, त्यामुळे दोन तुकडे कधीच सारखे येत नाहीत, हे तुला छळणार आहे. बोर्ड गरम ठेवून थोडं थोडं फवारलं तर बरं येतं.

मोजताना डीसी लावू नको, ओलसर फिल्ममध्ये आयन एका बाजूला गोळा होतात आणि आकडा सरकत राहतो. तुमचा जुना एलसीआर मीटर इथे सोन्याचा, १ किलोहर्ट्झ एसीवर इम्पिडन्स घे. आणि प्रत्येक बोर्डवर दोन फिल्म कर, एकीवर पीईआय, दुसरीवर अमाइन नसलेला कुठला तरी पॉलिमर, पीव्हीए चालेल. दुसरी फिल्म तापमान आणि पाणी बघेल, पहिली तेच आणि वर सीओटू, दोघींचं गुणोत्तर घ्यायचं. पूर्ण वजाबाकी होत नाही कारण पीव्हीए आणि पीईआय पाणी सारखं पीत नाहीत, तरी बराच फरक पडतो.

आता कॅलिब्रेशन. झाकणाचा ५० लिटरचा प्लास्टिक डबा, आत कॉम्प्युटरचा छोटा पंखा. १ टक्का सीओटू म्हणजे अर्धा लिटर. २५ डिग्रीला एक मोल वायू २४.५ लिटर, म्हणजे लागतो ०.०२ मोल, म्हणजे खायचा सोडा १.७ ग्रॅम. लिंबूसत्त्व २ ग्रॅम घे म्हणजे आम्ल जास्तच राहील, दोन-तीन चमचे पाण्यात विरघळव, डब्यात ठेव, सोड्याची पुडी आत टाकून झाकण लाव, पाणी हलत राहील असं बघ नाहीतर थोडा वायू पाण्यातच अडकतो. बाहेरच्या हवेतले सव्वाचारशे पीपीएम त्यात धरायचे. सोडा अर्धा केला की अर्धा टक्का, असे पाच-सहा बिंदू आरामात निघतात. दमटपणासाठी मिठाची संपृक्त द्रावणं ठेव, साधं मीठ ७५ टक्के, पोटॅशियम क्लोराइड ८५, पोटॅशियम सल्फेट ९७. मात्र क्रम लक्षात ठेव, आधी सीओटू न बदलता फक्त आर्द्रता बदलून ग्राफ काढायचा. तो ग्राफ वाईट आला तर पुढचं सगळं थांबवून आधी तेच सुधारायचं. बऱ्याच पेपरांत नेमका हाच ग्राफ नसतो.


सोल्डरबाबा

यात एक भर. डब्यात शेजारी एनडीआयआर मॉड्यूल ठेवायलाच हवं, १ टक्क्याच्या वर वाचणारं. डबा गळतो का ते त्यावरून कळेल आणि सोड्याचा हिशोबही पडताळता येईल. म्हणजे मॉड्यूल आणायचंच आहे, फक्त ते लॅबमध्ये राहील आणि तुझे सेन्सर त्याच्यावरून कॅलिब्रेट होतील. आणि हे मॉड्यूल घनता मोजतं, टक्केवारी स्वतः काढतं, समुद्रसपाटीचा दाब धरून. पुण्यात ५६० मीटर उंचीवर दाब सहा टक्क्यांनी कमी, आकडाही साधारण तेवढाच कमी येतो. खान्देशात उंची कमी, तुला फारसं जाणवणार नाही, पण सोड्याच्या हिशोबात आणि मॉड्यूलच्या आकड्यात थोडा फरक दिसला तर त्याचं कारण हेही असू शकतं.


खवचट_खान्देशी

सगळं ऐकलं. आता खर्चाचं बोला. बोर्ड, रेझिस्टर, ग्राफीनचा थेंब, चला दोनशे रुपये. पण दोन तुकडे सारखे येत नाहीत असं दादाच म्हणाले, म्हणजे प्रत्येक तुकडा डब्यात ठेवून पाच बिंदू काढायचे, तीन आर्द्रतांना. त्या मजुरीत एनडीआयआर येतो. आणि सहा महिन्यांनी अमाइन म्हातारा झाला की परत या डब्यात. स्वस्त म्हणताय ते नेमकं कुठे आहे?


निळा_बीकर

हा प्रश्न बरोबर आहे आणि या क्षेत्रातला मुख्य प्रश्न हाच आहे. सेन्सरची किंमत मालात नसते, प्रत्येक तुकड्याला मोजायला शिकवण्यात असते, आणि शिकवलेलं किती दिवस टिकतं त्यात. मीटर बनवायला गेलीस तर खवचटभाऊ जिंकले.

म्हणून मीटर बनवू नको, काकांनी मागितला तसा स्विच बनव. चेंबरमध्ये एक गोष्ट आयती मिळते, ती म्हणजे दर वेळी एक्झॉस्ट चालल्यावर आत जवळपास बाहेरची हवा येते. तो क्षण शून्य धरायचा, आणि तिथून गुणोत्तर किती टक्के हललं तेवढंच बघायचं. सरकणं महिन्यांत होतं, आपण शून्य रोज दोन-चारदा घेतोय, त्यामुळे बेसलाइन सरकल्याचं काही वाटत नाही. हवा पूर्ण बदलली नाही आणि शून्याच्या वेळी आत ४०० ऐवजी हजार पीपीएम असले तरी १०,००० च्या उंबरठ्यावर तेवढी चूक मामाला चालेल. घरासाठीच्या मॉड्यूलमध्ये हीच युक्ती घात करते कारण तिथे हवा कधी ताजी झाली ते मॉड्यूलला माहीत नसतं, तुला माहीत असेल कारण पंखा तूच चालू केलास. मग प्रत्येक तुकड्याला एकच बिंदू पुरतो, १ टक्क्याला किती हलतो तो. संवेदनशीलता हळूहळू घटेल ती मात्र याने पकडली जात नाही, त्यासाठी सेन्सरच्या बोर्डची पट्टी बदलण्यासारखी ठेवायची, हंगामाला एक.


खवचट_खान्देशी

हे पटलं. पण मग सुरक्षेसाठी वेगळं घड्याळ ठेवा, सेन्सर मेला तरी ठराविक तासांनी पंखा चालू झालाच पाहिजे. घरची पट्टी मरणार हे गृहीत धरूनच वायरिंग करा.


चेंबरवाले_काका

बरोबर बोलले. आणि माल काढल्यावर आम्ही चेंबर हायपोने (सोडियम हायपोक्लोराइटने) धुतो, क्लोरीनचा वास दोन दिवस जात नाही, त्याचं काय होईल तुमच्या पट्टीला?


निळा_बीकर

मरेल काका. क्लोरीन अमाइनला थेट खातो. धुण्याआधी पट्टी काढून झाकणाच्या डबीत ठेवायची आणि वास पूर्ण गेल्यावरच लावायची. चांगली आठवण केलीत, कनेक्टरवाली पट्टी करायला अजून एक कारण मिळालं.


रावेरची_लेक

कनेक्टरवालीच करते. सरांना सिनॉप्सिस द्यायचाय त्यात आर्द्रतेचा ग्राफ पहिला टाकतेय, आणि शीर्षकातून लो कॉस्ट काढलंय. रबरं तीन ठिकाणी फाटलेली निघाली, मामा विचारतोय आधी ती बदलू की सेन्सर येईपर्यंत थांबू?


चेंबरवाले_काका

सेन्सर येईपर्यंत अजिबात बदलू नको म्हणावं.